कार्ड आहे, पण नाव कुठे आहे?

20 नोव्हेंबर 2024 रोजी राज्यातील 288 विधानसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. त्यानंतर या सदराकडे जी पत्रे येऊ लागली, त्यांचा गठ्ठा अजून संपलेला नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत गेल्यामुळे संपादकांनी ती पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पत्रलेखकाने मतदार यादी पहिल्यांदा पाहिली ती मतदानाच्या सकाळी. तोपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

प्रश्न : आमची डोंबिवलीतील इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेल्याने आम्ही दोन वर्षांपासून जवळच भाड्याने राहत आहोत. विधानसभेच्या मतदानाला ओळखपत्र घेऊन गेलो, तर यादीत माझे आणि पत्नीचे नाव नव्हते. मूळ ओळखपत्र हातात असूनही आम्हाला परत पाठवण्यात आले. हे कायदेशीर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मनस्ताप झाला हे खरे, पण केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी केले ते नियमाला धरूनच होते. मतदानाचा अधिकार यादीतील नोंदीमुळे मिळतो. ओळखपत्र फक्त एवढेच सांगते की, यादीत ज्याचे नाव आहे तो मनुष्य हाच. म्हणून ज्याचे नाव यादीत आहे पण ओळखपत्र हरवले आहे, त्याला आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे छायाचित्र असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशांपैकी एखादा मूळ दस्तऐवज दाखवून मत देता येते. मात्र ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याकडे कोरे करकरीत ओळखपत्र असले तरी केंद्राध्यक्षाचा नाइलाज असतो.

आता नाव गेले कसे, ते पाहू. प्रत्येक यादी भागासाठी एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेला असतो, ज्याला सगळे बीएलओ म्हणतात आणि जो बहुधा प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा एखादा लिपिक असतो. तो पडताळणीला येतो तेव्हा आपल्या इमारतीच्या जागी त्याला निळे पत्रे आणि खोदलेला खड्डा दिसतो. तिथे राहणाऱ्या चाळीस-पन्नास कुटुंबांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो आणि अनेकदा शेरा पडतो, 'स्थलांतरित'. मृत्यूचे कारण वगळता नाव कमी करण्यापूर्वी मतदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 22 सांगते. परंतु ती नोटीस यादीतल्या पत्त्यावर निघते, आणि त्या पत्त्यावर आता खड्डा आहे. नोटीस 'पत्ता बंद' म्हणून परत जाते, आणि म्हणणे मांडायला कोणी आलेच नाही असे कागदावर दिसते. माझ्या मते पुनर्विकासाच्या इमारतींबाबत सोसायटीच्या सचिवाकडून सभासदांचे तात्पुरते पत्ते मागवून घेतले, तर निम्मी नावे वाचतील. काही उत्साही बीएलओ तसे करतातही, पण ते त्यांच्या स्वभावावर सोडलेले आहे.

आपण आधी खात्री करून घ्यावी की नाव खरोखर वगळले गेले आहे, की दुसऱ्या भागात गेले आहे. एका केंद्रावर मतदारांची संख्या ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून केंद्रांची फेररचना होते आणि वर्षानुवर्षे शाळेच्या खोली क्रमांक दोनमध्ये मत देणाऱ्याचे नाव शेजारच्या समाजमंदिरात निघते. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ओळखपत्राचा दहा अक्षरी क्रमांक टाकून शोधावे. त्याने सापडले नाही तर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वय टाकून शोधावे, कारण संगणकात 'ज्ञानेश्वर'चे कोणते रूप शिरले असेल हे सांगता येत नाही. इंटरनेटची सवय नसेल तर 1950 या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा बीएलओकडील यादी प्रत्यक्ष पाहावी.

नाव वगळलेच असेल, तर नव्या मतदाराप्रमाणे नमुना 6 भरावा लागेल. यात अपमान मानू नये. अर्ज मंजूर झाला नाही, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मुदतीचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर निवडणूक संपेपर्यंत यादीत काहीही बदल करता येत नाही, आणि आलेल्या प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. 2024 मध्ये निवडणूक जाहीर झाली 15 ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता 29 ऑक्टोबर, आणि त्यामुळे नोंदणीचा अर्ज 19 ऑक्टोबरपर्यंतच देऊन उपयोग होता. म्हणजे वर्तमानपत्रातली घोषणा वाचून जागे झालेल्या नागरिकाच्या हाती जेमतेम चार दिवस उरले. नोंदणी एरवी वर्षभर चालू असते आणि तेव्हा बीएलओला चहा प्यायलाही सवड असते, हे आपण सगळेच विसरतो.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातला असून सहा वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. ओळखपत्र गावचे आहे. मत कुठे द्यावे? खोलीमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही. (एक वाचक, चाकण)

उत्तर : कायदा विचारतो ते एवढेच, की आपण सामान्यतः राहता कुठे. गावात स्वतःचे घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्याने तिथला रहिवासी ठरत नाही, असे 1950 च्या त्याच कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. उलट काही काळ बाहेर राहिल्याने रहिवास संपतही नाही. सहा वर्षांची नोकरी आणि बिऱ्हाड चाकणला असेल, तर नोंदणी चाकणला असणे योग्य. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र चालणार नाही. एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव नोंदवता येत नाही आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

खरी अडचण आपण पत्रात लिहिलेली नाही, तरी मी ती ओळखतो, कारण निवडणूक शाखेच्या खिडकीवर ती रोज ऐकली आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. नाव चाकणला आणले की गावातल्या सरपंचाच्या निवडणुकीतले मतही गेले, शिवाय गावात उमेदवारी करण्याचा मार्गही बंद झाला. भावकीतली माणसे याच कारणासाठी 'नाव हलवू नको' असे सांगतात. हा हिशेब ज्याचा त्याने करायचा आहे. फक्त तो करताना हेही मोजावे, की चाकणच्या पाण्याचा, रस्त्याचा आणि मुलांच्या शाळेचा निर्णय जे करतात, त्यांना आपला एकही शब्द सहा वर्षांत ऐकावा लागलेला नाही.

पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा. पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना 6 नव्याने भरावा लागे. ऑगस्ट 2022 पासून ही सोय नमुना 8 मध्येच आहे, आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. पत्त्याच्या पुराव्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे देयक, आधार, बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे चालू पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी एक पुरतो. खोलीमालक करार देत नसेल, तर बँकेत चाकणचा पत्ता नोंदवून पासबुक छापून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. यांपैकी काहीच नसेल, तर दुसरा एखादा कागद जोडून तसे नमूद करावे. मग बीएलओ प्रत्यक्ष येऊन पडताळणी करतो. उघड्यावर झोपणाऱ्या बेघर माणसाचीही नोंदणी अशीच होते, बीएलओ रात्री त्या जागी जाऊन तो तिथेच झोपतो याची खात्री करून घेतो. तेव्हा करार नाही म्हणून अर्ज घेणार नाही, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये.

गावीच नाव ठेवायचे ठरवलेत, तर मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुटी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. 1951 च्या कायद्यातील कलम 135-ब ही सुटी रोजंदारीवरच्या कामगारालाही देते. वाशीमचा प्रवास एका दिवसात जाऊन-येऊन होतो का, हे मात्र कायदा विचारात घेत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला येत्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण होतील. जानेवारीपर्यंत थांबावे लागेल का? (एक पालक, सांगली)

उत्तर : नाही. पूर्वी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे ज्या दिवशी पाहतात ती तारीख, होती आणि 2 जानेवारीला जन्मलेल्या मुलाचे जवळजवळ वर्ष वाया जात असे. ऑगस्ट 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. मुलाने सतरा वर्षे पूर्ण केली असल्याने तो नमुना 6 आताच आगाऊ भरू शकतो. 1 ऑक्टोबरच्या अर्हतेवर त्याचे नाव यादीत येईल. वयासाठी जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेली दहावीची गुणपत्रिका जोडावी. तो पुढे पुण्यात वसतिगृहात राहणार असेल, तर घरचा पत्ता ठेवायचा की वसतिगृहाचा, हे त्याने ठरवायचे आहे. वसतिगृहाचा पत्ता दिल्यास संस्थेच्या प्रमुखाचा दाखला लागतो.

प्रश्न : लग्नानंतर मी साताऱ्याहून नाशिकला आले. नाव बदललेले नाही. सासरी सांगतात की नाव बदलल्याशिवाय इथे मतदार होता येणार नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असा कोणताही नियम नाही. नमुना 8 मध्ये फक्त पत्ता बदलून घ्यावा. नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचे नाव तसेच ठेवता येते.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील निम्मे वाडी-तांडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नोव्हेंबरात मतदान आले की त्यांचे मत बुडते. त्यांची नावे यादीतून निघू शकतात का, आणि त्यांना टपालाने मत देता येईल का? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर दिलासा देणारे आहे. सहा महिने कोयता घेऊन कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेला कामगार गाव सोडून गेलेला नसतो. ही तात्पुरती अनुपस्थिती आहे आणि तेवढ्यावरून नाव वगळता येत नाही. घराला कुलूप दिसले म्हणून कोणी 'स्थलांतरित' असा शेरा मारत असेल, तर ग्रामसेवकाचे किंवा शाळेचे पत्र देऊन हरकत घ्यावी. आपण शिक्षक आहात, कदाचित स्वतःच बीएलओ असाल, म्हणून सुचवतो, की पडताळणी टोळ्या गावात असताना, म्हणजे पावसाळ्यात, उरकून घ्यावी.

दुसऱ्या भागाचे उत्तर तसे देता येत नाही. टपाली मताची सोय सैन्यदलातील सेवा मतदार, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, 85 वर्षांवरील ज्येष्ठ, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार अशा ठरावीक वर्गांनाच आहे; स्थलांतरित मजूर त्यांत येत नाही. दूरच्या गावी बसून आपल्या मतदारसंघातील मत देता येईल, अशा यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांसमोर ठेवला होता, पण त्याला एकमताने होकार मिळाला नाही आणि विषय तिथेच राहिला. तेव्हा आज टोळीतल्या माणसाला मत द्यायचे, तर गावी यावे लागते. तो येतो तेव्हा गाडीभाडे कोण भरतो, हे आपल्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनातून ने-आण करणे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. पण सरकारने ऊसतोड कामगारांसाठी दुसरी वाट काढलेली नाही, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : मी दुपारी अडीच वाजता केंद्रावर गेलो, तर माझ्या नावावर आधीच मतदान झाल्याचे सांगण्यात आले. बोटाला शाई नाही, ओळखपत्र हातात आहे, तरी मला बाहेर जायला सांगितले. मी काय करायला हवे होते? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपण बाहेर पडायला नको होते. मतदान खोलीतील पहिला अधिकारी आपले नाव मोठ्याने वाचतो आणि समोरच्या मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीत आपल्या नोंदीखाली लाल शाईने रेघ ओढतो; मतदार स्त्री असेल तर बरोबरची खूणही करतो. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, नमुना 17-अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी घेऊन तिसरा अधिकारी कंट्रोल युनिटवरील कळ दाबतो, तेव्हाच आडोशामागचे यंत्र एका मतासाठी खुले होते. गर्दीच्या वेळी एकाच पानावर लागोपाठ तीन 'गायकवाड' असले, की लाल रेघ चुकीच्या ओळीखाली जाते. हे मी स्वतः पाहिले आहे. प्रत्येक वेळी तोतयाच येतो असे नाही. तो येतच नाही, असेही नाही.

कारण काहीही असो, मार्ग एकच आहे. केंद्राध्यक्षाला शांतपणे सांगावे, 'मला प्रदत्त मत द्यायचे आहे.' निवडणूक संचालन नियमांतील नियम 49-पी नुसार केंद्राध्यक्ष ओळख पटवणारे प्रश्न विचारतो आणि समाधानकारक उत्तरे मिळाली, तर आपल्याला कागदी मतपत्रिका देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नमुना 17-ब मध्ये आपली सही होते, आपण बाणफुलीचा शिक्का मारून मतपत्रिका परत देता आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते.

ही मतपत्रिका मतमोजणीच्या दिवशी मोजली जात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. निवडणुकीला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाने आदेश दिला, तरच ते पाकीट उघडते. मग उपयोग काय, असे आपण विचाराल. फरक थोड्या मतांचा असेल तेव्हा त्या पाकिटांवर निकाल फिरू शकतो. आणि आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिले याची सरकारी कागदावर नोंद राहते, ती तोंडी तक्रारीने राहत नाही. केंद्राध्यक्षाने नकार दिल्यास तिथूनच क्षेत्रीय अधिकाऱ्याला किंवा 1950 ला कळवावे. आपल्या ओळखीवर उमेदवाराच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, तर ती वेगळी गोष्ट. त्यासाठी त्याला दोन रुपये भरावे लागतात, आणि हरकत सिद्ध झाली नाही तर आपण नेहमीसारखे यंत्रावरच मत देता.

एक जोड. सकाळी जाणे जमत नसेल आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचलात, तरी रांगेत उभे राहावे. वेळ संपताच रांगेतील सर्वांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, त्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे. म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही आणि चिठ्ठी असलेल्याचे मत कितीही उशीर झाला तरी घेतले जाते.

प्रश्न : माझी आई 87 वर्षांची असून अंथरुणावर आहे. घरून मतदान होते असे ऐकले. त्यासाठी काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : विधानसभा आणि लोकसभेसाठी 85 वर्षे पूर्ण केलेल्यांना ही सोय आहे, 2024 पूर्वी वयाची अट 80 होती. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना 12-ड भरून द्यावा लागतो, आणि बीएलओ तो घरी आणून देतो. मंजुरीनंतर कर्मचाऱ्यांचे पथक ठरल्या दिवशी घरी येते, चित्रीकरण होते, पण मत देताना आडोसा असतो. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

त्यात एक गोम आहे. पथक वय ठरवते ते मतदार यादीवरून, आणि जुन्या याद्यांत त्या पिढीचे वय घरातल्या कोणीतरी अंदाजाने सांगितलेले असते. आईच्या नावापुढे यादीत 83 लिहिलेले असेल, तर आधार किंवा जन्माचा दुसरा पुरावा जोडून नमुना 8 ने ते आताच दुरुस्त करून घ्यावे, कारण अधिसूचना निघाल्यावरच्या पाच दिवसांत ते होणार नाही.